मुंबई ते सिंगापूर, रात्रीचं विमान: झोप सोडून सगळं मिळालं

नाशिकहून मुंबईच्या टी-टूला पोचायला गाडीने पाच तास लागले, त्यातला दीड तास नुसता भिवंडी बायपासला. तिथून सिंगापूर हवाई अंतराने सुमारे 3,900 किलोमीटर, तेही साधारण तेवढ्याच वेळात. बँकेत छत्तीस वर्षं काढल्यामुळे मला वेळा टिपून ठेवायची खोड आहे, म्हणून हे लिहितोय. कंपनीचं नाव घालत नाही. माझं भांडण तिच्याशी कमी आणि त्या वेळेशी जास्त आहे.

तिकिटावर सुटायची वेळ रात्री 11.40, पोचायची सकाळी 7.35. ही म्हणाली, "आठ तास! निवांत झोपू." फसगत होते ती इथेच. सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे, म्हणजे प्रवास 5 तास 25 मिनिटांचा. त्यातही रांगेत उभं राहून विमान उडालं 12.21ला, आधी जुहूच्या समुद्रावर आणि मग वळसा घेऊन पूर्वेला. जेवणाची गाडी आमच्यापर्यंत आली तेव्हा एक वीस झाले होते. पनीर गार, भात बरा. ट्रे उचलून दिवे मालवेपर्यंत 2.10. डोळा लागतो न लागतो तोच पावणेचारला दिवे लख्ख, "टी ऑर कॉफी, सर?" कारण तिकडे सव्वासहा वाजलेले! झोपेचा हिशेब: एक तास पस्तीस मिनिटं, त्यातही मी जागाच.

माझ्या समोरचा स्क्रीन बंद होता. सांगितलं, "रीसेट करतो" म्हणाले, फिरकले नाहीत. मग शेजारच्या पोराच्या स्क्रीनवरचा नकाशा मान तिरकी करून बघत बसलो. आंध्रचा किनारा सुटला की बराच वेळ नुसतं निळं, बंगालचा उपसागर. मग ग्रेट निकोबारचा ठिपका. आपल्या देशाचं दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, ते तिथलंच. ही खिडकीला डोकं टेकून, पाय चिवड्याच्या पिशवीवर ठेवून घोरत होती. तिला उठवून दाखवायचं धाडस केलं नाही.

चाकं टेकली बरोबर 7.35ला. इमिग्रेशन झटपट. अरायव्हल कार्ड मात्र पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरा, सरकारी साइटवर ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा.

खरी शिक्षा पुढे. सेरंगून रोडच्या हॉटेलात खोली दुपारी तीनला. साडेनऊपासून आम्ही दोघं लॉबीच्या सोफ्यावर, बॅगा मांडीशी धरून, कसाऱ्याला गाडी चुकल्यासारखे.

परतीचं विमान तिथल्या वेळेने संध्याकाळी 6.35चं होतं. मुंबईवर वीस मिनिटं घिरट्या धरून पावणेसहा तास लागले, तरी तेच आवडलं. पश्चिमेला चाललेलं असल्यामुळे सूर्य काही मावळायलाच तयार नव्हता. क्षितिजावरची नारिंगी पट्टी बघत जेवलो, तेही जेवायच्या वेळेला.

विमानाला पाचपैकी साडेतीन, रात्रीच्या वेळेला दीड. पुढच्या खेपेला दिवसाचंच घेणार, माणशी चार हजार जास्त गेले तरी.