एका हाताने पोळी: सांगलीतल्या एका ऑक्युपेशनल थेरपी केंद्राचा अनुभव

माझा नातू नऊ वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. ऑटिझम म्हटलं की लोक "बोलतो का?" एवढंच विचारतात. शर्टाची बटणं लावता येतात का, डबा उघडता येतो का, हे कोणी विचारत नाही. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे रोजची कामं स्वतःची स्वतः करायला शिकवणारी उपचारपद्धती. या केंद्रातल्या थेरपिस्ट मॅडमनी पहिल्याच भेटीत तेच विचारलं, आणि दिवसभर त्याच्याजवळ मी असते म्हणून मलाही विचारलं. "सकाळपासून रात्रीपर्यंत त्याची कोणती कामं तुमच्या हातून होतात, सांगा आजी." यादी लांबलचक निघाली. त्यातली मोजकीच त्यांनी घेतली आणि सुरुवात कुठून करायची ते चित्रं दाखवून नातवालाच ठरवू दिलं. त्याने पोळीवर बोट ठेवलं.

या केंद्राचं मोल मला पोळीतच कळलं. आधी जिथे जात होतो तिथे मणी ओवायला आणि चमचा धरायला शिकवत. मणी तो छान ओवायचा, पण ताटावर बसला की मी भरवण्याची वाट बघायचा. एका हाताने पोळी तोडायची म्हणजे मधल्या बोटांनी दाबून धरायची आणि अंगठा-तर्जनीने ओढायची, तीही ताट न सरकवता. मॅडमनी पोळीभाजीचा डबाच आणायला सांगितला. शिकवणं शेवटाकडून सुरू झालं: जवळजवळ तुटलेला तुकडा मी समोर ठेवायचा, त्याने नुसता ओढून सोडवायचा. मग थोडा कमी तुटलेला, मग त्याहून कमी. त्यामुळे पहिल्यापासून प्रत्येक घास पुरा व्हायचा तो त्याच्याच हाताने. आधी मऊ घावन, तेही दोन्ही हातांनी, मग पातळ पोळी. भाकरी सगळ्यात शेवटी. आम्ही जमिनीवर मांडी घालून जेवतो हे कळल्यावर त्याची पाठ भिंतीला टेकवायला सांगितली. अंग सावरण्यातच त्याची ताकद गेली तर बोटांना काय उरणार, असं त्या म्हणाल्या. आता पोळी तो स्वतः तोडून खातो. वेळ लागतो, भाजी सांडते, पण मी हात घालत नाही.

बटणांचंही तसंच. फळीवरचं बटण लावणं वेगळं आणि अंगातल्या शर्टाचं वेगळं, म्हणून सराव शाळेच्या शर्टावरच. पोटावरचं, डोळ्यांना दिसणारं बटण आधी. गळ्याजवळचं अजून मीच लावते. काजं शिंप्याकडून जरा मोठी करून घेतली.

जागा मात्र दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. पाय न चालणाऱ्या मुलांना आया कडेवर घेऊन चढतात, ते पाहवत नाही. यावर केंद्राने काहीतरी केलंच पाहिजे. घरच्या सरावाचा कागद इंग्रजीत मिळायचा. मागितल्यावर मराठीत मिळाला, पण तो न मागता मिळायला हवा. घरी सराव घेणाऱ्या आमच्यासारख्या आज्याच असतात.

फी पंचेचाळीस मिनिटांची ६०० रुपये. सगळ्यांना झेपणारी नाही. ऑटिझम असलेल्यांना नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 'निरामय' आरोग्य विम्यात एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे, त्यात थेरपीचा खर्चही बसतो. त्यासाठी इथे शिक्क्याची पावती न मागता देतात. ज्यांना तेही जमणार नाही त्यांनी आपल्या जिल्हा रुग्णालयात 'डीईआयसी', म्हणजे मुलांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र, आहे का ते विचारावं. सरकारी बाल आरोग्य कार्यक्रमातली ही सेवा अठरा वर्षांपर्यंत मोफत आहे.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकरांनी १९५० साली ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं, तरी आमच्या गल्लीत मला अजून सांगावं लागतं की ही फिजिओथेरपी नव्हे. म्हणून इतकं लिहिलं. जाणार असाल तर पहिल्या भेटीला मुलाचा रोजचा डबा, पाण्याची बाटली आणि शाळेचे बूट बरोबर न्या. मॅडम ते मागतातच.