अडीच इंची एक्झॉस्ट, नऊ महिने वापरून: बॅक प्रेशर उगाच बदनाम

गेल्या महिन्यात ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाटात गाडी दुसऱ्या गिअरवरही रडायला लागली. शेजारून आई म्हणाली, "अरे, एवढी बोंब मारते, मग चढत का नाही?" खरं तर रिव्ह्यू इथेच संपतो. पण एक्झॉस्टवर, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांवर, २८ हजार रुपये घातलेत, तेव्हा सविस्तर लिहिणारच.

गाडी जुनी होंडा सिटी व्हीटेक, दीड लिटरची. स्पोर्ट्स कार म्हटल्यावर ज्यांना हसायचं त्यांनी हसावं, आमच्या खिशाची स्पोर्ट्स कार हीच. फोर-वन हेडर (इंजिनातून निघणाऱ्या चार नळ्या थेट एकात जोडणारा भाग), मधला पाइप अडीच इंची, मागे आरपार सायलेन्सर. कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढू दिला नाही, पीयूसीला तोंड दाखवायचं असतं.

तिसऱ्या महिन्यात मित्रांना कळवलं होतं, "पैसा वसूल, पाच हजार आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वर गाडी सुटते." ते खोटं नव्हतं, आजही सुटते. पण मी पाच हजारांच्या वर जातो कधी? इंदुरात रामबागेतून राजवाड्यापर्यंत काटा तीन हजारालाही शिवत नाही.

आणि तीन हजार म्हणजेच माझं दुखणं. २,८०० ते ३,१०० आरपीएमच्या दरम्यान केबिनमध्ये असा घुमारा भरतो की दाढा हुळहुळतात. बाहेर उभं राहून ऐका, आवाज मस्त. आत बसा, पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं. हिशेब साधा आहे: चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट, म्हणजे तीन हजारावर सेकंदाला १००. काचा बंद केल्या की घुमारा वाढतो, आई गप्प होते, आणि तिची गप्प बसण्याची पद्धत मला माहीत आहे. यावर उपाय आहे, एका टोकाला बंद असलेला आडवा पाइप जोडायचा. १०० हर्ट्झसाठी, गरम वायूतला ध्वनीचा वेग धरता, साधारण सव्वा मीटर लांबीचा. दुकानदाराने त्याचे वर सहा हजार सांगितले. म्हटलं, आवाज वाढवायचेही मीच द्यायचे आणि कमी करायचेही मीच?

आता पिकअप. देवास नाक्याजवळच्या ज्या दुकानात काम केलं, तिथलं निदान तयारच होतं: "भिया, बैक प्रेशर कम हो गया." म्हणजे पाइप धुराला पुरेसा अडवत नाही. वर इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, हवा विरळ, हेही ऐकवलं. जणू सायलेन्सर बदलायच्या आधी इंदूर समुद्रकाठी होतं!

इंजिनाला बॅक प्रेशर लागत नाही. त्याला लागतो धुराचा वेग. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट पाइपातून धावते, पाइप जिथे रुंद होतो तिथून उलटी, कमी दाबाची लाट परत येते. ती एक्झॉस्ट आणि इनटेक (मिश्रण आत घेणारा) दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असताना पोहोचली तर उरलासुरला धूर ओढून काढते आणि ताजं मिश्रण आत घेते. मूळ पाइप पावणेदोन इंचांचा होता. अडीच इंच म्हणजे ऐकायला थोडंच जास्त, पण आतली जागा दुपटीहून अधिक. कमी आरपीएमवर धूर त्यात रेंगाळतो, थंड होतो, ओढ मरते. शिवाय फोर-वन हेडर वरच्या आरपीएमचाच सोबती, शहरासाठी फोर-टू-वन (चार नळ्या आधी दोनात, मग एकात) बरा. कार्ब्युरेटरच्या काळात सायलेन्सर मोकळा केला आणि जेट (पेट्रोल सोडणारी छिद्रं) तेच ठेवले की मिश्रणात पेट्रोल कमी पडायचं, गाडी अडखळायची, आणि दोष जायचा बॅक प्रेशरला. तेव्हाचं नाव अजून चाललंय. टर्बोवाल्यांनी यात पडू नये. धुराने फिरणाऱ्या टर्बाइननंतर त्यांचा पाइप मोकळा असलेलाच बरा.

माझ्या गाडीत दुसरा आजारही होता. ॲव्हरेज साडेतेरावरून दहावर आलं, पाइपाचं टोक काजळीने माखलं, पाय काढला की फटाके. पोरं खूश, मी नाही. ओळखीच्या वेल्डरने थंड इंजिन सुरू करून जोडांवर साबणाचं पाणी मारलं, तर हेडरच्या गॅस्केटपाशी बुडबुडे. ती फट ऑक्सिजन सेन्सरच्या आधी. दोन लाटांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणखी ओततो. गॅस्केट आणि मजुरी मिळून ९०० रुपये. पेट्रोल शंभरीपार असताना पाच महिने ही फट मी पोसली.

त्या संध्याकाळी मित्रांना पुन्हा कळवलं, "मिटलं सगळं." नव्हतं मिटलं. ॲव्हरेज तेरावर आलं, फटाके थांबले, घाट मात्र तसाच.

शेवटी माळ्यावरून पोत्यात गुंडाळलेला जुना मधला पाइप उतरवला. भंगारवाला त्याचे तीनशे देत होता, आईने देऊ दिला नव्हता. आता हेडर नवा, मधला पाइप आणि रेझोनेटर (घुमारा कमी करणारा डबा) कंपनीचे, मागचा सायलेन्सर नवा. साडेपाच हजारांच्या वरची मजा थोडी कमी झाली. घुमारा आहे, पण काच उघडी ठेवली तर सोसवतो. परवा सिमरोलपर्यंतचा चढ तिसऱ्या गिअरवर झाला. आई बोलली नाही, पण या वेळी झोपली होती.

अडीच इंची स्टेनलेसचा मधला पाइप विकायचा आहे, नऊ महिने वापरलेला, वेल्डिंग शाबूत. टर्बोवाला गिऱ्हाईक असेल तर चार हजार. इतरांना नाही विकणार. बरं, साडेचार दिले तर बघू.