स्थिर आवृत्ती कधी काढावी : ठरल्या तारखेला की तयार झाल्यावर?

एकट्यानं किंवा दोघा-तिघांनी सांभाळलेलं छोटं मुक्त सॉफ्टवेअर असेल, तर नवी स्थिर आवृत्ती, म्हणजे लोकांनी बिनधास्त वापरावी अशी पक्की आवृत्ती, काढायच्या दोन रीती समोर येतात. काम पुरं झालं की काढायची, किंवा तारीख आधी ठरवून त्या दिवशी जे पक्कं असेल तेवढंच द्यायचं. पहिल्या रीतीनं मी चार वर्षं काढली, दुसरीला आता दोन होतील.

माझं साधन लहानसं आहे. जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मराठी मजकूर ते युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा रूपात, आणून देतं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे काही छापखाने ते वापरतात. आमच्याकडे एकाच छपाईत मराठी आणि कन्नड दोन्ही येतं, त्यामुळे कन्नडचीही सोय करा ही मागणी पहिल्यापासूनची.

‘तयार झाल्यावर’ ही रीत मनाला पटते, कारण त्यात घाई नाही. डेबियन या लिनक्सवरच्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टमची जुलै २००२ नंतरची स्थिर आवृत्ती थेट जून २००५ मध्ये आली, तरी सर्व्हरवर डेबियन टाकताना आजही माझा हात कचरत नाही. डेबियनवरूनच बेतलेल्या उबंटूचं दुसरं टोक. ऑक्टोबर २००४ पासून एप्रिल आणि ऑक्टोबर हे त्यांचे महिने, आणि आवृत्तीचा आकडाही वर्ष-महिन्याचाच. २००६ ची एप्रिलची आवृत्ती मात्र त्यांनी जूनवर नेली, म्हणून ती ६.०६. तेव्हा तारीख म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं तेही मानत नाहीत. पुढं डेबियननंही नवं काम घेणं कधी थांबवायचं ते आधी ठरवायला सुरुवात केली. शेवटची मोहोर मात्र तयार झाल्यावरच. गेल्या तीन आवृत्त्या २०२१, २०२३ आणि २०२५ मध्ये आल्या.

आता माझ्या बाबतीत काय झालं ते सांगतो, कारण माझा निर्णय त्यावरच झाला.

‘वऱ्हाडी’ या शब्दातला अर्धा र जुन्या फॉन्टात एक वेगळंच चिन्ह असतो. माझा प्रोग्रॅम त्याचं साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह असं रूपांतर करायचा. शेवटी मजकूर साफ करताना नको असलेली अदृश्य चिन्हं काढली जात, त्यात हेही जाई. मग ‘वऱ्हाडी’चं व्हायचं ‘वर्हाडी’, ह वर रफार. साध्या र ऐवजी नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ घेतला की प्रश्न मिटतो, जोडचिन्हाची गरजच उरत नाही. ती दुरुस्ती मी जानेवारीत केली. एका ओळीची.

पण स्थिर आवृत्ती निघेना. त्याच शाखेत, म्हणजे कोडच्या त्याच प्रतीत, कन्नडचं काम अर्धवट पडलं होतं. कन्नडमधलं अर्कावत्तु, म्हणजे आपला रफार, अक्षराच्या वर न बसता उजवीकडे बसतं, आणि माझ्याकडे ते जोडाक्षरांत भलतीकडे जात होतं. एवढं झालं की काढू, म्हणता म्हणता एप्रिल उजाडला. लग्नसराईत एका छापखान्यातून फोन आला, “दादा, पाचशे पत्रिका छापून झाल्या की ओ, आणि वऱ्हाडी मंडळींवर रफार आलाय!” दुरुस्ती तीन महिने माझ्या मशीनवर पडून होती. मुलीच्या वडिलांनी पत्रिका तशाच वाटल्या. मला ते फार लागलं.

कुणी म्हणेल, जुन्या टॅगवरून, म्हणजे आधीच्या आवृत्तीच्या खूण करून ठेवलेल्या कोडवरून, नुसती दुरुस्तीची छोटी आवृत्ती काढायची होती. बरोबर आहे, जमलं असतं. पण तयार होईल तेव्हा काढायचं म्हटलं, की मुख्य शाखा कायम काढण्याजोगी ठेवायची सवय लागत नाही, निदान मला लागली नाही. सगळं एकात एक गुंततं. तारीख डोळ्यांसमोर असली की अर्धवट काम आपोआप वेगळ्या शाखेत जातं.

तारखा मी छापखान्यांच्या कामावरून ठरवल्या. १५ जूनला लग्नसराई ओसरलेली असते. १ ऑक्टोबरला एरवी गणपतीची पावतीपुस्तकं, अहवाल उरकलेले असतात आणि तुळशीचं लग्न अजून पुढं असतं. अधिक महिन्याच्या वर्षी थोडं पुढंमागं होतं. तारखेच्या आधी तीन आठवडे नवं काही घेत नाही. दोन छापखान्यांना पेनड्राइव्हवर चाचणीची आवृत्ती देतो, ते त्यांच्या जुन्या फायली त्यातून काढून बघतात. “तेवढं एक घाला की” असं कुणी म्हटलं, तर पुढची तारीख सांगता येते. पूर्वी नुसतं “बघूया” म्हणायचो.

याचं उणंही आहे. यंदाच्या जूनच्या आवृत्तीत सांगण्यासारखं जवळपास काहीच नव्हतं, चार दुरुस्त्या, बस्स. तुमचा प्रोग्रॅम डेटा साठवण्याची रचनाच बदलणार असेल, तर मीही म्हणेन, तारखेला बांधून घेऊ नका. लोकांच्या जुन्या फायली उघडल्याच पाहिजेत. आणि वापरणारे तुम्ही स्वतःच असाल, तर दोन्हीत फारसा फरक पडू नये. पण ज्यांना गिट (कोडमधले बदल आणि शाखा सांभाळणारं साधन) म्हणजे काय ते ठाऊक नाही आणि दुकानात मशीनवर नेट नाही, अशा माणसांच्या हाती तुमचं काम जात असेल, तर माझा कल तारखेकडे आहे.

अर्कावत्तु अजून वेगळ्या शाखेत आहे. तीन व्यंजनांच्या जोडाक्षरात ते अजून चुकतं. १ ऑक्टोबरला त्याच्याशिवायच आवृत्ती निघेल.