‘काइंड ऑफ ब्लू’: १९९२ आधीची की नंतरची?

२ मार्च १९५९ रोजी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या जाझ अल्बमचं ध्वनिमुद्रण चालू असताना कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या न्यूयॉर्कमधल्या ३०व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत मास्टर टेप किंचित हळू फिरत होती. ती नेहमीच्या वेगाने वाजवली की पहिल्या बाजूचे तीनही ट्रॅक थोडे चढे लागतात. १९९२च्या आवृत्तीत बरोबर वेगाने फिरलेली राखीव टेप वापरून ही चूक सुधारली. दुसरी बाजू २२ एप्रिलची, ती आधीपासूनच सुरात.

नुसतं ऐकायचं असेल तर जुनी तबकडी चालेल. चढ अर्ध्या स्वराहून कमी असल्याने तुलनेशिवाय कळतही नाही, आणि कित्येकांचे कान त्या लखलखीत ट्रम्पेटलाच सरावलेत. पण सोबत वाजवायचं असेल तर नवीच घ्या. पहिला ट्रॅक ‘सो व्हॉट’ डी डोरियनमध्ये (डीपासून सुरू होणाऱ्या, पियानोच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या स्वरसप्तकात) आहे. जुन्या प्रतीबरोबर पियानो किंवा हार्मोनियम धरलीत तर प्रत्येक स्वर खाली वाटेल आणि तुम्ही उगाच वाद्याला दोष द्याल.

जुनीच प्रत हवी असेल तर पिच-स्लायडर (वेग कमी-जास्त करायची सरकपट्टी) असलेला टर्नटेबल लागेल. डीच्या पट्टीशी जुळेपर्यंत वेग कमी करा. बाजू उलटताना स्लायडर शून्यावर आणायला मात्र विसरू नका, नाहीतर ‘ऑल ब्लूज’ उतरेल.