वाढीच्या डुकरांना मिनरल: तयार मिक्स्चर की घरी मिसळलेलं डीसीपी-चुनखडी?

पिल्लं 25 किलोच्या वर गेली आणि मका-सोयापेंड घरीच भरडून घालताय, तर मिनरल वरून द्यावंच लागतं. मक्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच, आणि फॉस्फरस असतो पण बराचसा धान्यातल्या फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला, तो डुकराच्या अंगी लागत नाही.

घरी मिसळणं स्वस्त पडतं हे खरंय आणि हिशोबही सोपा आहे. 25 ते 50 किलोच्या डुकराच्या खाद्यात कॅल्शियम 0.66 टक्के धरा, म्हणजे 100 किलोत 660 ग्रॅम. डीसीपीत, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेटच्या पावडरीत, कॅल्शियम 23 टक्क्यांच्या आसपास नि फॉस्फरस 18, चुनखडी पावडरीत नुसतं कॅल्शियम, 38 टक्के. दोन्ही एकेक किलो टाकलं की 610 ग्रॅम झालं, उरलेलं मका-पेंडीतून येतं. मीठ 300-400 ग्रॅम, पण पाणी चोवीस तास पाहिजे, पाणी तुटलं तर तेच मीठ जीव घेतं.

अडतं ते ट्रेस मिनरलपाशी, म्हणजे अगदी कणभरच लागणाऱ्या मिनरलपाशी. झिंक 100 किलोत 6 ग्रॅम, सेलेनियम तर जेमतेम 20 मिलिग्रॅम, आता हे फावड्याने मिसळून प्रत्येकाच्या तोंडात सारखं कसं जाणार? आणि सेलेनियम जास्त झालं तर विषबाधा. इथे तयार मिक्स्चरच बरं.

घरी मिसळणारे अजून एक चूक फार करतात, हाडं मजबूत होऊ देत म्हणून चुनखडी मूठभर जास्तच टाकतात. जादा कॅल्शियम झिंक अडवतं, मग पायांवर-पोटावर जाड खपल्या धरतात, वाढ थांबते आणि आपण खरूज समजून औषध मारत बसतो. खरजेत डुक्कर सारखं अंग घासतं, यात तेवढी खाज नसते, एवढं बघा.

माझं मत विचाराल तर दहा-वीस डुकरं असतील तर डुकरांचंच तयार मिक्स्चर घ्या, बॅगवर लिहिलंय तेवढंच, आणि त्यात कॅल्शियम-फॉस्फरस असेल तर वरून परत डीसीपी नको. संख्या मोठी आहे, मिक्सर आहे, तर डीसीपी-चुनखडी स्वतः घ्या पण ट्रेस मिनरलचा प्रीमिक्स, म्हणजे त्यांचं आधीच मिसळलेलं मिश्रण, विकतच आणा, आणि तो आधी दोन-तीन किलो भरड्यात कालवून मग मोठ्या ढिगात टाका. अंड्यांच्या कोंबड्यांचं खाद्य मात्र नको, त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं. हॉटेलचं खरकटं घालत असाल तर वेगळं मीठ टाकूच नका, त्यात आधीच भरपूर असतं.

गोठ्यात मेंढ्या असतील तर डुकरांचं उरलेलं खाद्य त्यांच्यापुढे अजिबात टाकू नका, त्यातलं तांबं डुकराला चालतं, मेंढीला सोसत नाही.