इंटरफेरॉन अल्फा-२बी : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

इंटरफेरॉन म्हणजे पेशींना विषाणूविरुद्ध सावध करणारं प्रथिन. हे ई. कोलाय जिवाणूंमध्ये बनवलेलं मानवी इंटरफेरॉन अल्फा-२बी, १०० मायक्रोग्रॅमची कुपी, कोरडी पावडर. कोल्हापुरातल्या आमच्या सेल कल्चर लॅबमध्ये ए५४९ (माणसाच्या फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या) आणि व्हेरो (माकडाच्या मूत्रपिंडाच्या) पेशींवर आठ महिने वापरात आहे. माल खात्रीचा. बिघडतं ते कुपी उघडल्यानंतरच्या पहिल्या तासात.

पुण्याहून येणाऱ्या खोक्यातली जेल पाकिटं मे महिन्यात वितळलेलीच असतात. घाबरू नका, कोरडी पावडर प्रवासाचे दोन-तीन दिवस निभावते. पाणी घातल्यावर मात्र ही मुभा नाही. पावसाळ्याचा साठा जूनच्या आत मागवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता.

फ्रीझरमधून काढलेली कुपी लगेच उघडली तर हवेतली ओल आत जाते. अर्धा तास टेबलावर राहू द्या, मग सेंट्रिफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवा. पावडर म्हणजे जेमतेम दिसणारा पांढरा पापुद्रा, कधी बुचालाच चिकटलेला. २०० मायक्रोलिटर निर्जंतुक पाणी काचेच्या कडेनं सोडा, १० मिनिटं थांबा, हलकेच फिरवा. व्हॉर्टेक्स (जोरात हलवणारं यंत्र) अजिबात नको. फेस झाला की प्रथिनाची घडी मोडते.

हिशोब यूनिटमध्येच (प्रथिनाच्या परिणामाच्या मापात) ठेवा. आमच्या बॅचची क्षमता मिलिग्रॅमला २० कोटी यूनिट, म्हणजे कुपीत २ कोटी आणि वरच्या द्रावणाच्या प्रत्येक मायक्रोलिटरमध्ये १ लाख. बॅच बदलली की हा आकडा बदलतो, आणि लेबलवर नुसते मायक्रोग्रॅम असतात. बॅचची क्षमता सांगणारं प्रमाणपत्र मागून घ्यावं लागतं, ही खरी तक्रार.

१०-१० मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० ला ठेवा. एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नका. सगळ्यात जास्त नुकसान पातळ करताना होतं. नुसत्या माध्यमात (पेशी वाढवायच्या पोषक द्रवात) पातळ करून रात्रभर ठेवलेल्या द्रावणाचा परिणाम दुसऱ्या दिवशी स्पष्ट कमी आला, कारण इतकं थोडं प्रथिन प्लास्टिकलाच चिकटून बसतं. ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घातल्यावर हा प्रकार थांबला. तरी रोज ताजंच करा.

इंटरफेरॉनचा परिणाम विषाणू घालून तपासता येतो, पण विषाणू हाताळायची सोय नसेल तरी तपासणी अडत नाही. ए५४९ वर मिलिलिटरला १००० यूनिट द्या. ३० मिनिटांनी स्टॅट१ चं (इंटरफेरॉनचा संदेश आत नेणाऱ्या प्रथिनाचं) फॉस्फोरिलेशन, म्हणजे त्याला फॉस्फेट जोडलं जाणं, वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) दिसतं. पेशी फोडायच्या लायसिस बफरमध्ये फॉस्फेटेज इनहिबिटर (ते फॉस्फेट निघू न देणारं रसायन) विसरलात तर पट्टी येणारच नाही. ६ तासांनी आरएनए काढून एमएक्स१ आणि आयएसजी१५ या इंटरफेरॉननं जाग्या होणाऱ्या जनुकांची क्यूपीसीआर (आरएनए मोजणारी चाचणी) करा. व्हेरो पेशी स्वतः अल्फा-बीटा इंटरफेरॉन बनवत नाहीत, पण बाहेरून दिलेल्याला प्रतिसाद देतात, म्हणून तिथं पार्श्वभूमी स्वच्छ मिळते.

मोनोसाइट्सवर (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींवर) काम असेल तर एंडोटॉक्सिनचा (जिवाणूच्या आवरणातल्या विषाचा) आकडा आधी बघा. ई. कोलायचं एंडोटॉक्सिन स्वतःच त्या पेशींकडून इंटरफेरॉन बनवून घेतं आणि निकाल फसवा येतो. आयएफएनएआर२ (इंटरफेरॉनचा रिसेप्टर, म्हणजे ते पेशीवर जिथं बसतं ती जागा) अडवणाऱ्या अँटिबॉडीनं हा गुंता सुटत नाही, कारण ती पेशींनी बनवलेलं इंटरफेरॉनही अडवते. एंडोटॉक्सिन निकामी करणारं पॉलिमिक्सिन बी घातलेलं एक वेल (प्लेटमधला खळगा) ठेवा.

उंदराच्या पेशींवर ही कुपी वाया घालवू नका. त्यांच्या रिसेप्टरला हे नीट बसत नाही, उंदराचंच इंटरफेरॉन लागतं.