वन नेशन वन सबस्क्रिप्शन: एका सरकारी कॉलेजच्या ग्रंथपालाचा अभिप्राय

सरकारी योजनेचं कौतुक करायची आम्हा ग्रंथपालांना फारशी सवय नसते, म्हणून आधीच सांगून टाकते: ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही सेवा उत्तम आहे. माझ्या नोकरीत कॉलेजात आलेल्या डिजिटल सेवांमध्ये हिच्याइतकी उपयोगी दुसरी नाही. तक्रार आहे ती ही सेवा कोणाला मिळते आणि कोणाला नाही याबद्दल, आणि ती तक्रार लहान नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: महागड्या संशोधन नियतकालिकांची वर्गणी केंद्र सरकार भरतं आणि सरकारी संस्थांतले विद्यार्थी, शिक्षक ती ऑनलाइन मोफत वाचतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, १ जानेवारी २०२५ पासून सेवा सुरू झाली. एल्सेवियर, स्प्रिंगर नेचर, वायली, ऑक्सफर्ड, केंब्रिज असे एकूण ३० प्रकाशक आणि जवळजवळ १३,००० ई-नियतकालिकं. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. वर्गणी दिल्लीतून एकगठ्ठा भरली जाते, कॉलेजच्या खिशाला हात लागत नाही. कारभार गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे, म्हणजे विद्यापीठांच्या ग्रंथालयांना डिजिटल सेवा देणाऱ्या सरकारी केंद्राकडे. सरकारी आकड्यांप्रमाणे ६,३०० च्या वर संस्था आणि १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक, संशोधक यात येतात. मी भागाकार करून पाहिला, माणशी वर्षाला अकराशे रुपयांच्या आसपास पडतात. मोठ्या प्रकाशकाचा एकच लेख सुटा घ्यायचा म्हटलं तर बरेचदा तीस डॉलरच्या वर मोजावे लागतात. तेव्हा ‘एवढे पैसे कशाला उधळले’ म्हणणाऱ्यांनी हा हिशोब आधी करावा.

पूर्वी आमच्याकडे काय होतं? छापील नियतकालिकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यातली दोन-तीन कायम उशिरा येणारी. बाकी सगळं ओळखीवर. कोणाचा तरी विद्यार्थी आयआयटीत पीएच.डी. करतोय, त्याला मेसेज करायचा, ‘बाळा, एवढी पीडीएफ पाठव ना.’ सायहबचं, म्हणजे लेख परवान्याशिवाय फुकट देणाऱ्या साइटचं, नाव निघालं की स्टाफरूममध्ये सगळे अचानक पंख्याकडे बघायला लागत. तो रस्ताही आता अवघड झाला, २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती साइट ब्लॉक करायचा आदेश दिला.

आता एक उदाहरण सांगते, म्हणजे फरक कळेल. आमच्याकडे एम.एस्सी. केमिस्ट्रीची एक मुलगी आहे, वरूडकडची. घरी संत्र्याची बाग. प्रोजेक्टला विषय घेतला संत्र्याच्या सालीतून पेक्टिन काढायचा, जॅम घट्ट करायला वापरतात ते. पेक्टिन निघत होतं, पण जेल काही केल्या धरेना. नुसतं पाणचट. तिने लायब्ररीच्या पीसीवर बसून सायन्सडायरेक्टवर, म्हणजे एल्सेवियरच्या साइटवर, शोधलं आणि चार-पाच लेख काढले. त्यात स्वच्छ लिहिलेलं: आम्लात फार वेळ तापवलं की पेक्टिनच्या लांब साखळ्या तुटतात, उतारा भरपूर दिसतो पण घट्टपणा जातो. आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडऐवजी सायट्रिक ॲसिड वापरलं तर काय होतं, त्याचे तापमान आणि वेळेनुसार तक्ते. मुलगी तक्त्यावर बोट ठेवून एकेक ओळ वहीत उतरवत बसली होती. मी म्हटलं, अगं प्रिंट घे. म्हणाली, ‘मॅडम, लिहिलं की कळतं.’ पुढच्या आठवड्यात तिने तापवायची वेळ कमी केली आणि जेल धरली. हे लेख याआधीही जगात होतेच. वरूडच्या मुलीपर्यंत येत नव्हते.

वापरायला कसं आहे? कॉलेजच्या नेटवर्कवर असाल तर बहुतेक वेळा लॉगिनचीही भानगड नाही. घरून वाचायचं तर इन्फेडचं, म्हणजे इन्फ्लिबनेटच्याच प्रवेश-व्यवस्थेचं, लॉगिन लागतं, ते तुमच्या संस्थेनेच द्यायचं असतं. म्हणजे संस्थेने नोंदणी नीट केली असेल, या कामासाठी नेमलेला नोडल ऑफिसर जागा असेल, तर सगळं सुरळीत. नसेल तर १३,००० नियतकालिकं असून नसून सारखीच.

आता तक्रार. पहिल्या टप्प्यात पात्र कोण, तर केंद्र किंवा राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था. कागदावर वाचताना ठीक वाटतं. पण महाराष्ट्रात उच्च शिक्षण उभं राहिलं ते शिक्षण संस्थांच्या जोरावर. तालुक्याच्या गावातलं कॉलेज बहुधा कुठल्या तरी मंडळाचं किंवा संस्थेचं असतं. पगार सरकार देतं, व्यवस्थापन मात्र खाजगी, म्हणून ते यादीबाहेर. माझी मैत्रीण अशाच एका अनुदानित कॉलेजात ग्रंथपाल आहे. तिच्या मुलांचा अभ्यासक्रम तोच, विद्यापीठ तेच, परीक्षा त्याच. ती पीडीएफ मागते तेव्हा मला नाही म्हणावं लागतं, कारण असा परवाना असतो तो आपल्याच संस्थेतल्या लोकांपुरता. तिच्याकडे एन-लिस्ट, ही इन्फ्लिबनेटचीच कॉलेजांसाठीची जुनी योजना, आहे, ई-पुस्तकांसाठी छानच, पण या पसाऱ्याशी त्याची बरोबरी नाही. खाजगी संस्थांना पुढच्या टप्प्यात घेऊ असं सांगितलेलं आहे. घ्या ना मग, अनुदानितांपासून सुरुवात करा.

देशाने २०२०-२१ मध्ये संशोधनावर जीडीपीच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च केला. तरी ज्ञानाधारित अर्थव्यवस्थेची भाषणं मी प्रत्येक विज्ञान दिनाला ऐकते. २०२३ च्या कायद्याने संशोधनाला निधी देणारं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं. हेच फाउंडेशन या सबस्क्रिप्शनचा वापर किती होतो तेही वेळोवेळी तपासणार आहे. मला धास्ती याचीच. लहान कॉलेजांचा वापर कमी दिसेल आणि कोणीतरी म्हणेल, यांना गरजच नाही. अहो, मुलांना संशोधन लेख वाचायचा कसा हे कोणी शिकवतच नाही. आम्ही दर शनिवारी तासभर बसतो, एकच लेख घेतो, आधी सारांश, मग आकृत्या, पद्धती शेवटी. इंग्रजीची भीती असते, ती आकृत्यांपासून सुरुवात केली की बरीच कमी होते.

लेखसंपदेला माझ्याकडून पाचपैकी पाच. व्याप्तीला अडीच, आणि तेही हात सैल सोडून.

यादीबाहेरच्यांनी तोवर ब्राउझरमध्ये ‘अनपेवॉल’ हे एक्स्टेंशन टाकून घ्या, लेखाची मोफत आणि कायदेशीर प्रत कुठे असेल तर ते दाखवतं. भौतिकशास्त्र-गणिताच्या लेखांसाठी आरकाइव्ह आहे, वैद्यक-जीवशास्त्रासाठी पबमेड सेंट्रल आहे, प्रबंधांसाठी शोधगंगा आहे. लेखकाला सरळ ईमेल केला तरी बरेच जण आनंदाने प्रत पाठवतात. आणि ज्यांच्याकडे सबस्क्रिप्शन आहे त्यांना हात जोडून विनंती: एका रात्रीत अख्खं नियतकालिक डाउनलोड करायला जाऊ नका. असं घाऊक डाउनलोड दिसलं की प्रकाशक सगळ्या कॉलेजचा प्रवेश थांबवू शकतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहतात.